कापडाचं विमान आणि बांबूच्या तोफा

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या धामधुमीत आमच्या लालबागच्या चाळीने ठरवलं की यंदा गणपतीचा देखावा असा करायचा, दिल्लीला धडकी भरली पाहिजे. दिल्ली दर्शनाला कधी येणार, हे कुणी विचारलं नाही. मंडळाचा कार्यवाह मी. विचारणं माझं काम, पण मला भाषणाची घाई होती.

लढाऊ विमान करायचं ठरलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना बोलावलं. काका मालवणकडचे. आता गिरणीत कामाला, पण आधी देवळालीच्या लष्करी तळावर ऑस्टर विमानांना कापड चढवायचे. हे ऑस्टर मुळात श्रीमंत गोऱ्यांच्या हौसेचं विमान. लढाई आली तेव्हा त्याला खाकी रंग फासला, खिडक्या वाढवल्या आणि आपल्या तोफेचा गोळा कुठे पडतो ते वरून बघायला धाडलं.

काका हे सांगायचे, पण कापडाचं विमान उडतं यातलं अक्षरही चाळीला पटत नव्हतं. जन्मभर कापड विणणाऱ्यांनाच कापडाची एवढी थोरवी मान्य नव्हती. जिन्यात गाठून लोक विचारायचे, काका, लेंग्याचा रणगाडा कधी? काका वर्षानुवर्षं ते गिळत आले होते. एकदा तरी आपलं खरं ठरावं, म्हणून ते या कामाला भिडले.

बांबूच्या सांगाड्यावर त्यांनी मांजरपाट ताणला, हाताने शिवला, वर खळ दिली. वाळल्यावर टिचकी मारली तर ढोलकीसारखा वाजे.

अध्यक्ष बघायला आले. "तोफा कुठायत?"

"नसतत."

"मग हे करतं काय?"

"ता बघता. आणि सांगता."

"म्हणजे तळमजल्यावरच्या मावशी," मी म्हणालो. सभा हसून लोळली. काका गिरणीत पाळीला गेले तसं मी विमानाला बांबूच्या दोन तोफा बांधल्या, वर चंदेरी रंग. गर्दी तोफांनाच झाली.

तिसऱ्या दिवशी देवळालीच्या तोफखान्यातले एक निवृत्त सुभेदार दर्शनाला आले. वर बघून खो खो हसले. "ऑस्टरला तोफा? कुठल्या गाढवाने केलं हे?"

अख्खी चाळ काकांकडे वळली. बघा, थापाच होत्या! गाढव कोण हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात अध्यक्षांनी डोळे वटारले. मी प्रसाद वाटू लागलो.

सुभेदारांनी सहज हात वर करून पंखाखालची शिवण चाचपली. हसू थांबलं. एकेका टाक्यावरून बोट फिरवत ते म्हणाले, "तोफा कुणाच्या का असेनात. ही शिवण देवळालीची आहे."

मी लगबगीने शिडी आणली, तोफा उतरवतो म्हणालो.

"रवांदेत," काका म्हणाले. "आपल्याकडे बघणाऱ्याक कोण इचारता? लोकांका तोफच व्हयी. तू फकत हयसर खाली उभो रव. आणि गाढव कोण, ता सगळ्यांका सांग."

अनंत चतुर्दशीपर्यंत मी सांगत होतो. काका शेजारी खुर्ची टाकून बसले होते. बघत होते.