आमचं उत्तेजनार्थ मंडळ

स्पर्धेला पाठवलेली कथा कधी परत येत नाही. पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडा, ते पाकीटही गडप होतं! मागे उरतो तो किस्सा. इतकी वर्षं कथा-कविता स्पर्धांत भाग घेऊन माझ्याकडे बक्षिसं किती जमली, हे कृपा करून विचारू नका. किस्से मात्र भरपूर. बायको म्हणते, "किश्शांना ढाली मिळत असत्या, तर आपल्याला नवीन शोकेस घ्यावं लागलं असतं!"

इंदूरला बडा गणपतीच्या देवळाजवळ डॉक्टर मुळ्यांचा होमिओपॅथीचा दवाखाना होता. रविवारी पेशंट नसायचे, म्हणून सकाळी आम्ही चौघं तिथं जमायचो. कोपऱ्यावरून पोहे यायचे, वर शेव आणि जिरावण मसाला. यजमान डॉक्टर स्वतः कवी. महूहून बसनं येणाऱ्या सुनंदाबाई गायकवाड, त्याही कवी. त्यांचे वडील फौजेत सुभेदार होते. बाई विमा कंपनीत नोकरीला, पण आवाज वडिलांचा! तिसरे नाना टेंभुर्णीकर, कथाकार, कापड मिलमधले. चौथा मी, शिक्षण खात्यातला कारकून. कारकून म्हणून मंडळाचा सेक्रेटरीही मीच. म्हणजे सगळ्यांची पाकिटं रजिस्टर पोस्टानं पाठवायची आणि निकाल लागला की शिव्या खायच्या.

आमच्यापैकी कोणाचीच मजल 'उत्तेजनार्थ'च्या पुढे गेली नव्हती. म्हणून सुनंदाबाईंनी मंडळाचं बारसं करून टाकलं, 'उत्तेजनार्थ मंडळ'!

शहरातल्या मिल एकामागून एक बंद पडत होत्या, ते हे दिवस. इकडे एकेक भोंगा गप्प होत होता आणि तिकडे गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवत होत्या. नानांची मिलही बंद पडली आणि नाना कथा लिहायला लागले. का, ते त्यांनी पहिल्याच रविवारी सांगून टाकलं.

"सव्वीस वर्षं मी नंबर होतो, भिया. सकाळी गेटवर बिल्ला नंबर पुकारायचे, अकराशे सत्तेचाळीस! आपण म्हणायचं, हाजिर! नाव कोणाला मालूमच नाही. आता एक बार माइकवरून पूरं नाव पुकारलं गेलं पाहिजे. नारायण विठ्ठल टेंभुर्णीकर. बस, बाकी काही नको!"

आडनाव जड, निवेदक अडखळेल, म्हणून त्यांनी पूर्ण नाव एका चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं. गावातल्या प्रत्येक बक्षीस समारंभाला नाना इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि ती चिठ्ठी खिशात असायची.

* * *

सुनंदाबाईंनी एकदा पुण्याच्या स्पर्धेला कविता पाठवायचं ठरवलं. पुणं म्हटल्यावर त्या दोन महिने शब्दकोश घेऊन बसल्या. खड्यासारखा एकेक हिंदी शब्द वेचून काढला. शेवटी कविता इतकी शुद्ध झाली, की आम्हाला तिघांना कळेना!

परीक्षकांचं पत्र आलं. 'आपण केलेला बोलीभाषेचा वापर धाडसी आहे. ही बोली नेमकी कोणत्या भागातली, ते कळवावे.'

"कळवते ना!" बाई कडाडल्या. "घ्या सेक्रेटरी, लिहा. ही बोली प्रमाण मराठी आहे!"

मी लिहिलं आणि पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवलं. महिन्याभरानं निकाल आला. बाईंना उत्तेजनार्थ, ग्रामीण विभागात! महूच्या छावणीत जन्मलेली बाई, तिनं आयुष्यात शेत पाहिलं ते बसच्या खिडकीतून!

* * *

डॉक्टरांचं लेखन त्यांच्या औषधासारखंच होतं. गोळी एकच, बाटलीवरचं नाव वेगळं. त्यांनी तरुणपणी 'आई' नावाची एक कविता लिहिली होती. पुढं 'वृक्ष' विषय आला की आईच्या जागी वृक्ष. 'नर्मदा' आला की नर्मदा. पाच मिनिटांत कविता तयार, वर आम्हाला सांगायचे, "प्रेरणा आली की थांबवत नाही हो!"

मग आला 'संगणक'. डॉक्टरांनी सवयीप्रमाणं आई काढून संगणक घातला, पण एक ओळ तशीच राहिली. 'तुझ्या पदराखाली मी निश्चिंत झोपलो.'

आम्ही निकालाची वाट पाहत होतो, कारण आता डॉक्टर पकडले जाणार हे नक्की होतं. परीक्षक जवळच्या राऊ गावातल्या कॉलेजातले प्राध्यापक. भाषणात ते गहिवरून म्हणाले, "संगणकाला पदर देणारा हा पहिलाच कवी! यंत्रयुगातलं मातृत्व!" डॉक्टरांना उत्तेजनार्थ. ते नम्रपणे स्टेजवर गेले आणि शाल घेऊन आले.

सुनंदाबाई मला म्हणाल्या, "आता बघा, पुढच्या वेळी आईच्या हातात माउस देतील!"

* * *

नाना मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. तिथं कापडाचं ठाण मोजायचं आणि माप भरलं की कात्री चालवायची. कथाही ते तशीच लिहीत. स्पर्धेची मर्यादा दोन हजार शब्दांची. नाना पेन्सिलीनं प्रत्येक शब्दावर टिंब देत मोजत गेले आणि दोन हजारावर थांबले. कथेचं शेवटचं वाक्य असं होतं, 'तिनं दार उघडलं आणि समोर'.

"नाना, समोर कोण?" मी विचारलं.

"कोण ते नंतर. दोन हजार पूरे झाले. एक शब्द जास्त टाकला तर सगळा माल रिजेक्ट!"

"मग मधले चार शब्द कमी करा ना."

"मधून कोण कापतं, भिया? ठाणाला भोक पडतं!"

कथा तशीच गेली. शेरा आला, 'शेवट विलक्षण सूचक. वाचकावर विश्वास ठेवणारा लेखक!' आम्ही टाळ्या वाजवल्या. नाना मात्र आठवडाभर बेचैन होते. दर दोन दिवसांनी माझ्या ऑफिसात येऊन विचारायचे, "समोर तिचा नवरा होता हो. त्यांना कळलं असेल ना?"

* * *

बाजार खुला झाला तसे कवितेलाही प्रायोजक आले. पूर्वी शाल आणि नारळ मिळायचा, आता मिक्सर मिळायला लागला! विजय नगरला एका फ्रिजवाल्यानं नवी शोरूम उघडली आणि काव्यस्पर्धा ठेवली. विषय, 'गारवा'. अट एकच, कवितेत उन्हाळा पाहिजे.

बक्षीस समारंभ शोरूममध्येच होता. फ्रिजची दारं उघडी ठेवलेली, आतले दिवे लागलेले, आणि मधे कवी. मालकांनी हिंदीत भाषण केलं, "सबने बढ़िया लिखा. बस, अगले साल कविता थोड़ी छोटी लिखना, अपने बोर्ड पे आनी चाहिए."

सुनंदाबाई जागेवरून म्हणाल्या, "लिखेंगे भिया! आप भी फ्रिज थोड़ा छोटा बनाना, अपने घर में आना चाहिए."

मालक सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि बाईंना दोन मिक्सर दिले. नाना त्या दिवशीही चिठ्ठी घेऊन आले होते. वास्तविक त्यांनी स्पर्धेत भागच घेतला नव्हता. मी विचारलं, तर म्हणाले, "पास में असलेली बरी. क्या पता!"

* * *

मग एका रविवारी नाना हातात फाइल घेऊन आले. एका स्पर्धेला पाठवलेल्या त्यांच्या मिलवरच्या कथेला उत्तर आलं होतं. त्यांनी वाचून दाखवलं. 'लेखन प्रामाणिक आहे, परंतु विषय कालबाह्य झाला आहे. मिल, भोंगा यांत आजच्या वाचकाला रस उरलेला नाही. कथा स्वीकारता येत नाही याचा खेद आहे. आपल्या सहभागाबद्दल आभार.'

त्यांनी फाइलचं पान उलटलं आणि दुसरा कागद वाचला. 'सद्यःस्थितीत मिल चालू ठेवणे शक्य नाही, याचा व्यवस्थापनाला खेद आहे. आपल्या सेवेबद्दल आभार.'

"बघा," नाना म्हणाले, "इकडे खेद, तिकडेही खेद. इकडे आभार, तिकडेही आभार. दोन्हीकडची सही वाचता येत नाही! म्हणून एकाच फाइलीत लावून टाकले."

नाना हसले, म्हणून आम्हीही हसलो. पण मला त्या दिवशी पोहे गेले नाहीत. या माणसाचं नाव एकदा माइकवरून पुकारलं गेलंच पाहिजे, असं मला फार मनापासून वाटलं.

* * *

त्याच वर्षी गणेशोत्सवात गावातल्या एका मराठी संस्थेनं कथास्पर्धा जाहीर केली. वशिलेबाजी नको, म्हणून नियम कडक. कथेवर नाव लिहायचं नाही, आपल्या पसंतीचा फक्त एक क्रमांक टाकायचा. नाव वेगळ्या बंद पाकिटात, आणि त्या पाकिटावर तोच क्रमांक. परीक्षकांनी निवड केल्यावरच पाकिटं उघडायची.

नानांनी क्रमांक टाकला, अकराशे सत्तेचाळीस. "दुसरा कोणता लक्षातच राहत नाही," म्हणाले. कथा पुन्हा मिलचीच. दोन्ही पाकिटं त्यांनी माझ्या हातात दिली आणि मी ती नेऊन दिली.

म्हणजे मला वाटलं की मी दोन्ही नेऊन दिली! खरं तर एकच पोचलं होतं. नावाचं पाकीट माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आवक-जावक रजिस्टरखाली पडून होतं. कारकुनाला सेक्रेटरी केल्याचं हे फळ!

समारंभाला हॉल भरला होता. नाना इस्त्रीच्या शर्टात, शेजारी त्यांच्या पत्नी, नानी, ठेवणीतल्या साडीत, मागे आम्ही तिघं. तिसरं बक्षीस जाहीर झालं, दुसरं झालं. मग स्टेजवर कुजबुज सुरू झाली. निवेदकानं टेबलावरचे कागद दोनदा उलटेपालटे केले आणि माइक हातात घेतला.

"क्षमा असावी. पहिल्या बक्षिसाच्या लेखकाच्या नावाचं पाकीटच मिळालेलं नाही. आमच्याकडे फक्त क्रमांक आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सुनंदाबाईंनी पाहिलं, त्याचं वर्णन न केलेलं बरं.

"क्रमांक अकराशे सत्तेचाळीस! आहेत का सभागृहात?"

"हाजिर!"

नाना ताडकन उभे राहिले होते, एक हात वर, मान ताठ. हॉलमध्ये हशा पिकला. नाना कोणाकडेही न बघता तरातरा चालत स्टेजवर गेले.

निवेदक भला माणूस होता. "या, या! आता आपलं पूर्ण नाव सांगा, म्हणजे माइकवरून व्यवस्थित जाहीर करतो."

नानांनी खिशातून चिठ्ठी काढली. माझा जीव भांड्यात पडला. नानी पदर सावरून नीट बसल्या. निवेदकानं चिठ्ठीसाठी हात पुढं केला.

नानांनी चिठ्ठीकडे पाहिलं. मग तिची घडी घातली आणि ती परत खिशात ठेवली. ते हळूच बोलले, पण माइक चालू होता, त्यामुळे सगळ्या हॉलनं ऐकलं.

"राहू द्या, भिया. एक बार आणखी नंबरच पुकारा ना."

निवेदकानं अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी मान हलवली.

"क्रमांक अकराशे सत्तेचाळीस!"

नाना माइकपासून दोन पावलं मागे सरकले, हात वर केला आणि पहिल्यापेक्षा मोठ्यानं ओरडले, "हाजिर!"