मेहुण्याची रायफल आणि माझा सल्ला

मी आयुष्यात खरी बंदूक कधी हातात धरलेली नाही. (जत्रेत फुगे फोडायची धरली होती, तेव्हा फुगेवाला आधी लांब जाऊन उभा राहिला!) तरीही मेहुण्याने रायफलीबद्दल विचारलं, तेव्हा मी मागे हटलो नाही.

मेहुणा संजू टेक्सासला. त्याच्या शेतात रानडुकरांचा नुसता धुमाकूळ! आम्ही तेव्हा सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागात राहायचो. शनिवारी सकाळी त्याचा फोन आला.

"भावोजी, ध्वनीपेक्षा हळू जाणारी गोळी वापरायचीय. म्हणजे मोठा आवाज होत नाही, शेजारी कटकट करत नाहीत. कॅलिबर कुठलं घेऊ? टू-टू की थ्री हंड्रेड?"

कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी, हे मी 'हं, हं' करत इंटरनेटवर पाहून घेतलं. घरात आवाज तुटत होता, म्हणून कॉरिडॉरमध्ये गेलो आणि इंग्रजीत ओरडलो (तज्ज्ञ झालो की मला इंग्रजी सुचतं!), "टू-टू घे! छोटी गोळी, कमी आवाज. मारलेलं कुणाला कळणारसुद्धा नाही!"

शेजारच्या आजींना कळलं.

थोड्याच वेळात दारात दोन पोलीस! एम्प्लॉयमेंट पास (म्हणजे नोकरीचा परवाना) रद्द, सामान बांधलेलं, विमानतळावर सासरे न्यायला आलेले... सगळं डोळ्यांपुढे आलं.

"सर, कुणाला मारणार आहात?"

मदतीला आमची सात वर्षांची इरा धावली, तिच्या सिंगापुरी इंग्रजीसकट. "नो लाह, अंकल! ओन्ली पिग्ज!"

इंग्रजीत पोलिसांना शिवी म्हणून हाच शब्द वापरतात, हे मला आणि त्या दोघांना एकदमच आठवलं.

"अहो, बघत काय बसलात? संजूला व्हिडिओ लावा!" बायको ओरडली.

संजूने उकरलेलं शेत दाखवलं, डुकरांचे फोटो दाखवले. पोलिसांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. एकाने विचारलं, "मग टू-टू घेणार?"

"छे! डुकराला तेवढीशी गोळी? हळू जायचं तर गोळी जड हवी. थ्री हंड्रेड मी गेल्याच आठवड्यात घेतली."

"मग यांना कशाला विचारलंस?" बायको भडकली.

"ताई, तूच म्हणालीस ना, अधूनमधून सल्ला विचारत जा, त्यांना बरं वाटतं!"

इराने लगेच पोलिसांना भाषांतर करून सांगितलं. (त्या दिवशी मुलीचं मराठी किती पक्कं आहे ते कळलं!)

"ओके सर," पोलीस म्हणाला, "यू डोन्ट नो एनीथिंग. नो प्रॉब्लेम."

मी आनंदाने त्याचे दोन्ही हात धरले.

"हेच मी लग्नापासून सांगतेय," बायको म्हणाली, "माझे नाही कधी असे हात धरलेत!"