माझ्या फाइलची छाटणी

आमच्या नेरूळच्या ऑफिसात एक फाइल होती, तिला सगळे ‘मॅडमची फाइल’ म्हणायचे. मॅडम म्हणजे मी. आम्ही शीतगृहांतल्या वजनकाट्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. क्रेटच्या वजनांची बेरीज त्या फाइलमध्ये व्हायची. मी ती टेम्प्लेट वापरून लिहिली होती, म्हणजे साचा एकच, पूर्णांकालाही चालेल आणि दशांशालाही. पण तेव्हाच्या कंपायलरला, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामला, ओळीओळीला बजावावं लागायचं की ही अमुक प्रकारची संख्या, ती तमुक प्रकारच्या यादीतली. ओळी स्क्रीनबाहेर जायच्या. वाचणाऱ्याला घाम फुटायचा. मला नाही. कुणाला काही बदलायचं असलं की खुर्ची ओढत माझ्याकडे यावं लागायचं, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं. दरवर्षी नवी पोरं भरती होतात, माझं वय वाढतंय. त्या फाइलच्या जिवावर मी निर्धास्त होते.

मग ऑफिसात नवा कंपायलर आला. तो समोरची किंमत बघून प्रकार स्वतःच ओळखतो, आपण नुसतं ‘ऑटो’ लिहायचं. टीममध्ये नुकत्याच आलेल्या साताऱ्याकडच्या मुलीने त्याच्या भरवशावर माझी फाइल निम्म्याहून लहान केली. आमच्याकडे दुसऱ्याने वाचून पास केल्याशिवाय कोड पुढे जात नाही. वाचायला अर्थात माझ्याकडेच आला.

मी चष्मा पुसून बसले, चूक काढायलाच. बराच वेळ नाव ठेवायला जागा मिळेना. शेवटी बेरजेत सापडली! तिने बेरीज नुसत्या शून्यापासून सुरू केली होती. ते शून्य बघून कंपायलरने ठरवलं की ही पूर्णांकाची बेरीज, आणि प्रत्येक क्रेटमागे दशांश गिळून टाकला. साडेबारा किलो आणि साडेआठ किलो मिळून वीस! माझ्या लांबलचक ओळीत हे झालंच नसतं. मी खुशीत चहा मागवला आणि तिला बोलावलं.

“टेस्ट केलं होतंस?”

“केलं की, मॅडम. पण वजनं सगळी पूर्ण किलोचीच घातली.”

“मग प्रत्येक क्रेटचा वरचा अर्धा किलो कुठे गेला?”

तिने बघितलं, जीभ चावली आणि शून्याच्या जागी शून्य पॉइंट शून्य लिहिलं. अर्ध्या किलोची टेस्टही जोडली. झालं. चहा निवायच्या आत माझा विजय संपला.

फाइल आता कुणीही वाचावी इतकी सोपी झाली होती. उगाच दोन शेरे मारून अडवता आली असती, मनात आलंही. पण काम चांगलं होतं. मी पास केलं.

त्याच आठवड्यात गावाहून, उरणजवळच्या मोऱ्याहून, आईचा फोन आला. भाच्याचं लग्न होतं. “हलदीला येनार हायस ना? का परत आफिस?”

मी आमच्या सरांकडे चार दिवसांची रजा मागितली. एरवी ते एका दिवसासाठीही कपाळाला हात लावायचे, बेरजेचं काही अडलं तर काय करू म्हणायचे आणि लॅपटॉप सोबत न्यायला लावायचे. या वेळी मान वर न करताच म्हणाले, “जा ना, टेन्शन नाय. हवं तर आठवडा घ्या.”

मी थँक्यू म्हटलं. फोन तरी चालू ठेवा म्हणतील, म्हणून दारात थोडी रेंगाळले.