मटाराएवढी

थंडीतल्या दुपारी शेजारच्या सुमनताई आणि मी त्यांच्या ओसरीवर मटार सोलत बसलो होतो. सोलता सोलता त्यांचा हात थांबला. एक दाणा चिमटीत धरून त्यांनी तो उन्हात निरखून पाहिला.

"एवढीच होती गं," त्या म्हणाल्या.

मला कळलं. त्यांचा मुलगा नितीन चहाच्या टपरीवर उभा होता आणि गोळी झाडली होती दुसऱ्याच कुणावर. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत तो बोलत होता. आई पोचायच्या आत गेला.

नंतर भेटायला येणारे पुरुष याच ओसरीवर बसून गोळीचं माप काढायचे. बत्तीसची होती की नऊ एमएमची, कुठली किती आत घुसते. "मोठी असती तर जागेवरच गेला असता," असं एकजण समजूत घातल्यासारखं म्हणालाही. हातातला चहा त्याच्या अंगावर ओतावा, असं मला वाटलं होतं.

खरंही असेल त्याचं. मोठ्या गोळीतून माणसं कमी वाचत असतील. पण लहान गोळी नको तिथे लागली की तिचं लहानपण कुणाच्या उपयोगाचं? घर तेवढंच रिकामं होतं.

सुमनताईंनी तो दाणा पातेल्यात टाकलाच नाही. मुठीत धरून ठेवला.

"लहान गोळी आहे, काळजी करू नका, असं फोनवर सांगितलं मला," त्या म्हणाल्या. "म्हणून मी त्याच्या डब्यासाठी कुकर लावला. शिट्ट्या होईपर्यंत थांबले गं मी."