पाच सुरुंग, सहा आवाज

आधीच सांगून टाकतो — मी हायस्कुलात चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला वाट देतो आणि पुढे जातो. मासिकाच्या या सदरातले गूढ अनुभव मी नेहमी वाचत आलो, पण जेवण झाल्यावर, सुपारी कातरत, "काय काय सांगतात लोक!" असं म्हणत. आता लिहायची पाळी माझ्यावरच आली आहे, तेव्हा तुम्हीही सुपारी कातरत वाचलंत तर माझी हरकत नाही.

गोष्ट संस्थानं एकामागून एक विलीन होत होती तेव्हाची. आमचं बुऱ्हाणपूर होतं मध्यप्रांतात आणि राजधानी नागपूर. मी पंचविशीचा, नुकताच मास्तर झालेला, सिंधीपुऱ्यात दोन खोल्यांत आईसोबत राहणारा... आणि एका व्यसनात गळ्यापर्यंत बुडालेला. व्यसन घड्याळांचं. तीही साधी घड्याळं नव्हेत — क्रोनोग्राफ. म्हणजे मनगटावरच्या घड्याळातच स्टॉपवॉच असतं. वरचं बटन दाबलं की मोठा सेकंदकाटा धावू लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की शून्यावर परततो. वेळ दाखवणारे काटे आपले वेगळे चालूच असतात.

अब्बासभाई घड्याळजींच्या दुकानात मुंबईच्या एजंटाकडून स्विस कंपन्यांचे कॅटलॉग यायचे. यंदा नवीन मॉडेल कोणतं निघालं, कुणी मिनिटांची छोटी चकती कुठून कुठे सरकवली, हे मी दर शनिवारी त्यांच्या स्टुलावर बसून वाचायचो. नवीन घड्याळ घेणं मास्तराच्या बापाला जमलं नसतं. म्हणून नवीन वाचायचं आणि जुनं, बंद पडलेलं आणून चालू करायचं, असा माझा खाक्या. अशी तीन जमली होती. आई म्हणायची, याला मुलगी दाखवण्यात अर्थ नाही, एखादं घड्याळच बघा.

चौथं आलं ते एका कॅप्टनसाहेबांकडून. माळव्यातल्या एका लहानशा संस्थानच्या तोफखान्यात ते होते. संस्थान विलीन झालं, पलटण मोडली आणि साहेब पेटी-वळकटी घेऊन बुऱ्हाणपुरात भाच्याकडे राहायला आले. घड्याळ दहा-बारा वर्षांचं, चांदीच्या केसचं, पांढरी डायल जराशी पिवळी पडलेली. मी ते घेतलं तेव्हा साहेबांनी माझा अंगठा धरून बटनावर ठेवला आणि म्हणाले, "अंगूठा यहाँ, मास्टर, और नज़र सामने. घड़ी की तरफ़ नहीं देखते." मी मान डोलावली आणि घड्याळाकडे बघत बघत घरी आलो.

मे महिन्याच्या सुट्टीत मी तुकईथडला आक्काकडे गेलो. आक्का माझी थोरली बहीण. दाजी, म्हणजे तिचे यजमान, शेतकरी. कपाशी होतीच, पण त्यांना केळी लावायची होती आणि त्यासाठी नवी विहीर खणायला घेतली होती. पस्तीस फुटांवर काळा खडक लागला आणि सुरुंग लावायची वेळ आली.

सुरुंग लावायला गंगाराम यायचा. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. त्याची पद्धत सांगायलाच हवी, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. खडकात पाच भोकं पाडायची, दारू ठासायची आणि पाच वाती कमीजास्त लांबीच्या कापायच्या. म्हणजे सुरुंग एकदम उडत नाहीत, एकामागून एक उडतात आणि आवाज मोजता येतात. मोजायचे सगळ्यांनी, मोठ्याने. पाच आवाज आले तर खाली उतरायचं. एक जरी कमी आला तर त्या दिवशी विहिरीत कुणी पाय ठेवायचा नाही, मग मालक कितीही ओरडो. एकूण वेळ गंगाराम बिडीवर मोजायचा. वाती लावून वर आलं की बिडी पेटवायची, ती संपेपर्यंत सगळे सुरुंग उडलेले असतात असं त्याचं म्हणणं.

मला हे ऐकून राहवेना. "बिडी हे काय माप झालं?" म्हणालो, आणि मनगट पुढे केलं.

गंगारामाने घड्याळ दुरूनच पाहिलं. "मोजा ना मास्तर. मलेही कळंल, माही बिडी किती मिनटाची हाय."

दाजींनी मात्र ते हातातच घेतलं. फिरवून पाहिलं, कानाला लावलं, दोन्ही बटनं चारचारदा दाबली. हात मातीने भरलेले. माझा जीव वरखाली!

"याच्यानं पानी लवकर लागते का?" दाजींनी विचारलं. सगळे हसले. मी नाही हसलो.

सकाळचे दहा वाजले असतील. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला. गंगाराम वाती लावून दोराला धरून वर आला आणि त्याने हात उंच केला. मी बटन दाबलं. मग तो धावत आमच्याकडे आला. दोन शेतं सोडून एका बांधाआड आम्ही बसलो — मी, दाजी, गंगाराम आणि तीन गडी. सहा जण.

पहिला आवाज आला, पायाखालची जमीन हलली. "एक!" मग "दोन!" तिसरा आणि चौथा जवळजवळ लागोपाठ. मग जरा खंड पडला... आणि पाचवा. तो किंचित हलका होता असं मी आज म्हणतो, तेव्हा कुणीच म्हटलं नाही. सहाही जणांनी "पाच!" म्हटलं, आणि मी बटन दाबलं.

काटा थांबला नाही.

पुन्हा दाबलं. जोर लावून दाबलं. काटा आपला निवांत फिरतोय. गंगारामाने बिडीचं थोटूक टाकलं आणि विचारलं, "किती झालं मास्तर?" मी बटनच दाबत होतो. दाजी तोवर उठून चालायलाही लागले होते. पाणी लागलं की नाही ते बघायची त्यांना एवढी घाई, की सगळ्यांत आधी तेच उतरणार हे ठरलेलं. गंगाराम त्यांच्यामागे निघाला आणि गंगारामामागे मी धावलो.

विहिरीपासून साठ-सत्तर पावलांवर मी दाजींना गाठलं आणि सदऱ्याला धरून मागे ओढलं.

"दाजी, घड्याळ बिघडवलंत तुम्ही!"

"आं?"

"सकाळी बटनं दाबत बसला होता ना? आता काटा थांबत नाहीये."

"मास्तर, सोडा ना भो. पहिले पानी पाहू द्या, मंग तुमचं घड्याळ पाहू."

"नाही! आधी हे बघा."

दाजी तापट माणूस. त्यांनी माझा हात झटकला. "दोन बटनं दाबली का मोडते, असं नाजूक घालून वावरात येता कायले?"

गंगाराम मधे पडला. "जाऊ द्या मालक, पाहुने हायेत."

आणि तेव्हा मी जे बोललो ते अजून माझ्या कानात आहे. मी म्हणालो, "मातीत हात घालणाऱ्याला याची काय किंमत कळणार!"

ज्यांच्या घरचं आठ दिवस जेवत होतो त्यांना हे म्हणालो. आणि तेही गंगारामाच्या देखत!

दाजी वळले. विहिरीकडे पाठ करून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता कानाखाली बसते. मी पट्टा मनगटावरून सोडला होता आणि पट्ट्याचं टोक धरून घड्याळ त्यांच्या डोळ्यांपुढे नाचवत होतो — "बघा! चालतोय की नाही, बघा!" माझं एकही बोट बटनाजवळ नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

दाजींनी रागारागाने डायलकडे पाहिलं.

"थांबला ना," ते म्हणाले.

आणि विहीर उडाली.

दगड आमच्यापासून वीस पावलांवर येऊन पडले. विहिरीच्या तोंडातून काळी धूळ वर चढत राहिली. गंगाराम होता तिथेच खाली बसला. बांधाजवळचे गडी देवीचं नाव घेऊ लागले. दाजींनी विहिरीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काटा खरंच थांबला होता — सहा मिनिटं, एकोणीस सेकंद. बाजूचा छोटा सेकंदकाटा मात्र टिकटिक चालू होता, म्हणजे घड्याळ काही बंद पडलं नव्हतं.

गंगाराम बसल्या जागेवरून बोलला. "वात दमट राह्यली असंल. धुमसत बसली. हे होते कधीमधी... पन मास्तर, आवाज तर पाच झाले ना? आपन सहा जनांनी मोजले."

दुसऱ्या दिवशी तो एकटा उतरला. पाचही भोकं फुटलेली होती. सहावं भोक नव्हतंच. मग तो जास्तीचा आवाज कसला?

गावात संध्याकाळपर्यंत झालं ते असं की मास्तरला आधीच कळलं होतं. आक्काने माझी दृष्ट काढली, घड्याळाला हळदकुंकू लावलं. (ते कुंकू काचेच्या कडेत शिरलं, पुढे अब्बासभाईंना सुईने काढावं लागलं.) गंगारामाची बायको नारळ घेऊन आली आणि माझ्या पाया पडली. मी मागे सरकलो, पण तोंड उघडलं नाही. आक्का रडत रडत दाजींना विचारत होती, नक्की झालं काय? दाजी बाजेवर बसले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मास्तरनं मागून हाक मारली," ते म्हणाले. "म्हनून फिरलो मी." आणि त्यांनी प्यायला पाणी मागितलं.

मी माझ्या परीने शोध घेतला. आसपासच्या गावांत विचारलं — त्या दिवशी कुठेच सुरुंग लागला नव्हता. प्रतिध्वनी म्हणावा, तर आधीच्या चार आवाजांचा का नाही आला? अब्बासभाईंनी घड्याळ खोलून सगळं पाहिलं, पन्नासदा चालवून थांबवून बघितलं आणि म्हणाले, "मास्टरसाब, इसमें तो कुछ ख़राबी है ही नहीं." बटनात माती अडकली असेल आणि हादऱ्याने सुटली असेल, असं मीच स्वतःला समजावत होतो. पण मग दाजी "थांबला ना" म्हणाले ते स्फोटाच्या आधी की नंतर? मी त्यांना बऱ्याच वर्षांनी एकदा विचारलं. "आधी थांबला. मंग झालं," एवढंच म्हणाले. तिखटमीठ लावून सांगणारा तो माणूस नव्हता.

घड्याळ अजून माझ्याकडे आहे, चालतं, आणि पुन्हा कधी असं वागलं नाही. नवीन काय निघालं ते मी आजही वाचतो. हल्ली कंपन्या जुन्यासारखी दिसणारी नवीन घड्याळं काढतात आणि मी तरुणांना फरक समजावत बसतो. पण त्या सकाळचं स्पष्टीकरण विचाराल तर माझ्याकडे नाही. चौतीस वर्षं मुलांना "कारण सांगा" असे प्रश्न घातले, आणि या एका प्रश्नाचा माझाच पेपर कोरा आहे.

दाजी गेल्या वर्षी गेले, ऐंशी ओलांडून. त्या विहिरीवर त्यांनी केळी केली, मुलं शिकवली, नातवंडं खेळवली. माझ्याशी शेवटपर्यंत हसून बोलले. त्यांच्या तेराव्याला आक्काने आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं, "माझ्या भावाने हाक मारली म्हणून एवढं आयुष्य मिळालं त्यांना." मी शेजारी बसून मान हलवत होतो.

आक्का हे मासिक घेते. चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचते.

आक्का, मी हाक मारली नव्हती गं. मी त्यांना वाचवायला धावलोच नव्हतो. मी घड्याळासाठी धावलो, आणि त्यांना काय बोललो ते वर लिहिलं आहे. त्यांनी तुला ते कधीच सांगितलं नाही.