सात लेकरांची सरपंच

कोंडाआईंना कुणालाच एका हाकेत बोलावता येत नसे. आधी पोटच्या सातही लेकरांची नावं व्हायची आणि मग समोरच्याचं खरं नाव ओठावर यायचं. शाळेत शिक्षिका म्हणून मी निमोण्याच्या पुढं घोडनदीकाठच्या त्या गावात आले आणि त्यांच्याच घरातली पुढची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच सकाळी "सुमे, शोभे, कल्पे, संतू..." असं करत करत त्या 'मास्तरीणबाईं'पर्यंत पोचल्या. म्हणाल्या, "राग मानू नका. सात जनांची सवय लागलेली जीभ हाय ही."

तरुणपणी त्या नवऱ्यामागं मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडल्या होत्या. तीन लेकरं तर वाटेवरच जन्मली. त्याचं कौतुक कुणी केलं की त्या थांबवायच्या. "हौसंनं न्हाई झाली सात. तवा आमाला कुनी इचारलंच न्हाई." म्हणूनच गावातल्या नव्या सुनांना त्या बजावत, "दोन बास." ऑपरेशनला एकटी जायला घाबरणाऱ्या बाईसोबत शिरूरच्या दवाखान्यात पिशवी घेऊन बसणारी बाईही हीच.

त्यांची सून मनीषा गावची सरपंच होती. नवरा संतोष रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला, सासू चुलीपाशी आणि सून वस्तीवर नळ पोचवायच्या मागं. एक मुलगा, एक मुलगी, असं सगळं नीट चाललं होतं. आणि ध्यानीमनी नसताना मनीषाला दिवस गेले. दोनाच्या वर मूल झालं की पद जातं, हा कायदा गावात शेंबड्या पोरालाही पाठ.

ओट्यावर बैठक बसली. कुणी म्हणालं, दवाखान्यात जाऊन मोकळं करा. कुणी सुचवलं, कोंडाआईंची शोभा दौंडला असते, तिला मूल नाही. तिच्याच नावावर लावा. शोभाही आली होती. तिनं मान वर केली नाही. "मी जिवापाड सांभाळीन. पन वहिनीच्या मनात असंल तरच," एवढंच ती बोलली.

कोंडाआईंनी सुनेला विचारलं, "तुला काय पायजे?"

"मला दोन्ही पायजे, आत्या. लेकरू बी आन् पान्याचं काम बी."

"मग आधी लेकराचं बघू. खुर्ची खाली ठिवली तर रडत न्हाई." मग लेकीजवळ बसून त्यांनी तिचा हात धरला. "शोभे, चोरीचं लेकरू तुला तरी कसं गोड लागंल? उजळ माथ्यानं ये आन् मांडीवर घे. कवा बी ये."

मनीषानं भर ग्रामसभेत राजीनामा दिला. मुलगी झाली. शोभा दौंडहून पेढे घेऊन आली आणि बाळंतीण उठेस्तोवर राहिली.

पोटनिवडणूक लागली, तेव्हा जागा बाईचीच होती आणि पॅनेलकडं उमेदवार नव्हता. ग्रामसेवकानं सांगितलं, कायदा येण्याआधी झालेली मुलं मोजत नाहीत. पॅनेलचे आप्पा कोंडाआईंकडं वळले.

"तुमची सगळी कायद्याच्या आधीची ना?"

"सगळी. सातच्या सात."

"मग चालतंय की."

कोंडाआई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "म्हंजी सातवाली पास आन् तीनवाली नापास? मास्तरीणबाई, हे गनित तुमच्या शाळंत शिकवत्यात व्हय?"

विरोधकांनी प्रचारात सात लेकरांवरून टोमणे मारले. पारावरच्या सभेत त्या माईक हातभर लांब धरून म्हणाल्या, "सात लेकरांना एका हंड्यात आंघूळ घातलीय म्या. पानी कसं पुरवायचं ते मला इचारा." त्या निवडून आल्या.

मग मासिक सभेत एक ठरलेलं दृश्य दिसू लागलं. नात सरपंचांच्या मांडीवर, आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर माजी सरपंच. एका साहेबांनी हटकलं, "कारभार नक्की कोण बघतं?" कोंडाआई म्हणाल्या, "सरपंच मीच हाय. पर सही करायच्या आदी शिकलेल्या मानसाला इचारती. तुमी न्हाई इचारत?" साहेबांनी चहा घेतला.

वस्तीवर नळ आला, त्या दिवशी त्यांनी पहिली घागर मनीषाला भरायला लावली. स्वतः मात्र नळाखाली हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मुदत संपल्यावर लोक पुन्हा उभं राहा म्हणत होते. त्या म्हणाल्या, "कामापुरती आलते. काम झालं."

गेल्या माघात त्या गेल्या, दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या झाल्याच. दहावा घोडनदीच्या काठावर झाला. पुढाऱ्यांची लांबलचक भाषणं झाली. शेवटी मनीषा उठली. राजीनाम्यानंतर पहिल्यांदाच तिनं माईक हातात घेतला होता.

"कायद्यानं मला आता परत कधी उभं राहता येनार न्हाई," ती म्हणाली. "पन बसायला बंदी न्हाई. इथून पुढं प्रत्येक ग्रामसभेला मी पुढच्या रांगेत बसनार हाय. जो कुनी सरपंच होईल, त्यानं तयारीनं यावं. कोंडाआईची सून हाय मी."

दहाव्याच्या मांडवात हसणं बरं दिसत नाही. पण आधी शोभा हसली, मग बाया, मग पुढारीसुद्धा, आणि नदीकाठावर डोळे पुसत पुसत अख्खं गाव हसलं.