सिस्टिमने अडवलेली जागा

माझ्या साडूंइतका एकाच प्रश्नाने झपाटलेला माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात दुसरा नसेल. लोक भेटले की तब्येत विचारतात, मुलांची लग्नं विचारतात. हे विचारायचे, "भाऊ, गेमच्या डब्यात सिस्टिम स्वतःच किती मेमरी खाते, म्हाईत हाय?" गेमचा डबा म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा तो कन्सोल. साठीला टेकलेला, न्हावा शेव्याच्या यार्डात कंटेनर तपासण्यात हयात घालवलेला माणूस हे विचारतो म्हटल्यावर समोरचा आधी हसे आणि मग घड्याळ बघू लागे. किहीमच्या एका हळदीत त्यांनी नवरदेवाच्या काकांना असं कोपऱ्यात धरलं, की हळद संपली, जेवणं झाली, तरी काका कोपऱ्यातच. दाढ काढायला तोंड उघडून बसले असताना तोंडातला कापूस बाजूला सारून त्यांनी डॉक्टरणीलाही हेच विचारलं होतं. तिने दाढ जरा घाईनेच काढली.

जुन्या डब्यांविषयी ते आपल्या दिवंगत गुरुजींविषयी बोलावं तसं बोलत. "त्याला सिस्टिम अशी नव्हतीच हो. कॅसेट खोचली की खेळ चालू. होती नव्हती ती सगळी जागा खेळाची." नव्या डब्यांचं नाव काढलं की चेहरा उतरायचा. मित्रांच्या यादीला जागा, गप्पांना जागा, दुकानाला जागा. कुणी वापरो न वापरो, काही जीबी सिस्टिम आधीच अडवून बसणार आणि घेणाऱ्याला त्या जागेला हातही लावता येणार नाही. "ट्रेलरमधी निम्म्यात ड्रायव्हरनं बिऱ्हाड थाटलं, तर माल काय डोक्यावर घ्यायचा?" हे ते इतक्या कळवळून विचारत, की आपणच ते बिऱ्हाड थाटलंय असं वाटू लागे.

हे वेड त्यांना जन्मजात नव्हतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, आम्ही तिला ताई म्हणायचो, अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. व्यायामासाठी रबरी चेंडू दिला होता, तो ती नवऱ्याला फेकून मारी. बोटं हलती राहावीत म्हणून साडूंनी कुणाचा तरी वापरलेला कन्सोल आणला, त्यात ट्रक चालवायचा खेळ. ताई उरणजवळच्या मिठागरवाल्यांची लेक. घरासमोरच्या रस्त्यावर ट्रेलरांची रांग लागली की उंबऱ्यात उभी राहून शिव्या घालायची. तीच आता पलंगावर बसून ट्रेलर हाकू लागली. "ए मेल्या, इंडिकेटर काय तुजा बाप देनार?" असं पडद्यातल्या परदेशी मोटारींना ओरडताना तिची बोटं खरंच हलायला लागली. साडू शेजारी स्टुलावर बसून क्लीनरसारखे "डावीकडं हाय, जाऊ द्या" म्हणत असत.

मग तिने एक मोठी खेप घेतली. डोंगरापलीकडच्या गावातून माल उचलायचा आणि नकाशाच्या टोकाला असलेल्या बंदरात पोचवायचा. दोन-तीन दुपारी ती त्यासाठी राबली. बंदराचं शहर दिसू लागलं, आणि पडदा गोठला. पुन्हा चालू केला, पुन्हा तिथेच गोठला. पनवेलच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं, "काका, मोठं शहर आलं की मेमरी पुरत नाही. बरीचशी सिस्टिमच धरून बसते." खरं कारण तेच होतं की नाही, देव जाणे. पण त्या दिवसापासून साडूंना शत्रू सापडला. डब्यात जे जे बंद करता येईल ते त्यांनी बंद केलं. कंपनीला अर्जसुद्धा लिहिला: "माझी पत्नी आजारी असून तिला मित्रयादीची आवश्यकता नाही. सबब ती जागा तिच्या खेळास मिळावी, ही नम्र विनंती." उत्तर इंग्रजीत आलं. डबा बंद करून पुन्हा चालू करा.

तो अर्ज वाचून मी ताईसमोरच हसलो होतो. साडू चहा आणायला आत गेलेले. ताई हळू आवाजात म्हणाली, "भावजी, हसू नका. त्यांना माज्यासाठी दुसरं काय करता येतंय?"

पावसाळा सरताना तिला दुसरा झटका आला. तीन दिवसांत ती गेली. त्या तीन दिवसांत इस्पितळाच्या बाकावर आणि नंतर दहाव्याला समुद्रावर साडूंनी कुणालाच काही विचारलं नाही. माणसं येऊन पाठीवर हात ठेवत आणि ते नुसती मान हलवत.

दीड-दोन महिन्यांनी त्यांचा मला कामावर फोन आला. "भाऊ, दिली. नवीन अपडेट आलाय. सिस्टिमनं थोडी जागा खेळाला सोडली." "बरं झालं," म्हणालो. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

रविवारी उरणला साडूंकडे गेलो. पलंगावरची चादर घडी घालून ठेवली होती आणि साडू स्टुलावरच बसले होते. टीव्ही बंद होता.

"खेळ चालला का?" मी विचारलं.

"चालला. कुठं अडला न्हाय."

"मग बंदर?"

"गेलो की. अख्खी दुपार लागली. मला कुठं येतंय चालवायला, दोनदा कठड्याला घासली. क्रेनी हायेत. कंटेनर हायेत. गेटवर रांग हाय. आपल्या यार्डासारखंच, भाऊ. मी रोज बघतो तेच."

"माल उतरवलात?"

"न्हाय. खेप तिची हाय. मी कशाला उतरवू? गेटाशी गाडी लावली आन् बंद केला." त्यांनी पलंगावरच्या चादरीची घडी सारखी केली. मग म्हणाले, "हिला एकदा खरंच यार्डात न्यायला पायजे होतं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली. कवा म्हनाली न्हाय ती, आन् मलापन सुचलं न्हाय."

चहा टाकतो म्हणून ते आत गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. एका भांड्याला लागावं त्याहून कितीतरी जास्त वेळ तो वाहत राहिला. मी उठलो नाही.